वर्षश्राद्धाची गादी

गावात कुणाला काही विकत घ्यायचं असलं, की आधी सुलक्षणाकाकूला विचारायचं आणि मग खिशात हात घालायचा, अशी पद्धतच पडून गेली होती. लग्नाचा बस्ता असो, म्हैस असो, शिलाई मशीन असो की सोयरीक असो, काकू बरोबर हवी. यावलच्या अलीकडचं गाव, चहूकडे केळी नि कापूस, आणि मोठी खरेदी म्हटली की जळगाव. काकू दुकानात शिरायची, पिशवी मांडीवर घेऊन बसायची, आणि दुकानदार बोलून बोलून दमला की मग वस्तूला हात लावायची. साडीचा काठ उलटा करून बघायची. पातेल्याला टिचकी मारून कान लावायची. एकदा मुलगी बघायला गेली, तर मुलीला सोडून तिच्या आईलाच चार प्रश्न विचारले आणि बाहेर येऊन म्हणाली, "करा." त्या लग्नाला आता बावीस वर्षं झाली. उगाच नाही लोक तिला बरोबर न्यायचे!

आता अशा बाईच्या स्वतःच्या घरात काय होतं? दिव्याखाली अंधार, दुसरं काय. लग्नात माहेरून आलेली कापसाची गादी पस्तीस वर्षं त्याच पलंगावर. कापूस माहेरच्या शेतातला, म्हणून तिचं कौतुक फार. चार-पाच वर्षांनी पिंजून घ्यायची, नवी खोळ चढवायची, सहा महिन्यांत परत गोळे. मधोमध असा खड्डा, की दोन कडांना झोपलेली माणसं सकाळी मध्यावर सापडायची. केळीचे घड वाहून काकूची कंबर आधीच गेलेली. नव्या स्प्रिंगच्या गादीचं नाव काढलं की ज्ञानेश्वरनाना, म्हणजे तिचे यजमान, म्हणायचे, "आपण कापूस पिकवणारे लोक. लोखंडावर निजू का?" एवढं बोलून ते कूस बदलायचे. माणूस वाईट नव्हता हो, हट्टी होता.

शेवटी काकूनं एक दिवस सतरंजी उचलली आणि मधल्या खोलीत फरशीवर अंथरली. कमरेला बरं वाटलं, मग तीच सवय झाली. पहाटे कुणी उठायच्या आत ती सतरंजी गुंडाळून फळीवर टाकायची. साठीला टेकलेलं जोडपं वेगवेगळं निजतं, हे चार बायकांना कळलं तर त्याचं काय काय झालं असतं ते देवालाच ठाऊक. एकुलती एक लेक ऋतिका, ती सुरतला सासरी. तिलासुद्धा पत्ता लागू दिला नाही. अशी चार वर्षं गेली.

आणि मागच्या वैशाखात एका सकाळी काकू चहा घेऊन नानांना उठवायला गेली, तर नाना गार पडलेले.

मयताच्या घरी माणूस आलं, की पहिला प्रश्न ठरलेला. "जवय कोन होतं? पानी पाजलं का?" मरणाऱ्याच्या तोंडात शेवटचं पाणी पडलं की नाही, हे आधी विचारतात, बाकीचं रडणं मग. नानांची थोरली बहीण मंदाबाई भुसावळहून धावत आली. तिचे मालक रेल्वेतले, मागेच वारलेले; ती तिथल्या क्वार्टरमध्येच म्हातारी झालेली. तिनं उंबऱ्यातच विचारलं, आणि काकूच्या तोंडून निघून गेलं, "मी होती अक्का. जवयच होती. पाजलं पानी."

झालं! खोटं बोलायचं असं ठरवून बोलली नव्हती ती. पण शब्द गेला तो गेला. मंदाबाईनं तो उचलला आणि पदराच्या गाठीला बांधला. दहाव्याला म्हणाली, सुतक फिटताना गंधमुक्तीला म्हणाली, भेटायला येईल त्याला म्हणाली, "माह्या भावाले बायकोच्या हातचं पानी भेटलं. असं मरन कोनाले भेटते?" ऐकणाऱ्या बायका डोळे पुसायच्या. काकू तिथंच बसलेली असायची, आणि तिला काही म्हणजे काही व्हायचं नाही.

वर्ष गेलं तरी रडू आलं नाही. लोक म्हणाले, धीराची बाई. डोंबलाचा धीर! वरणात मीठ आहे की नाही, ते तिच्या जिभेला कळेना. फोडणी करताना तेल उडून मनगटावर फोड आला, तो तिला दुसऱ्या दिवशी भांडी घासताना दिसला. गावातल्या एका पोरीचा बस्ता होता, बोलावणं आलं, गेलीही; साडीवरून हात फिरवला आणि तशीच बसून राहिली. जरी खरी की खोटी, बोटांना काही सांगता येईना. त्या दिवसापासून लोकांनी तिला बोलावणं सोडलं. चांगुलपणानं सोडलं, पण सोडलंच.

आता वर्षश्राद्ध आलं. त्यांच्याकडे वर्षश्राद्धाला सेज द्यायची रीत आहे: पलंग, गादी, उशी, पांघरूण, चपलांचा जोड, छत्री. ती घ्यायची भाच्यानं, आणि नुसती घ्यायची नाही तर वापरायची. भाचा जितका सुखानं झोपेल, तितका मेलेला तिकडे सुखानं झोपतो म्हणतात. म्हणतात खरं, पण लोक करतात काय? बाजारातली सगळ्यात पातळ, फुलाफुलांची फोमची गादी आणतात, हळदकुंकू लावतात, हात जोडतात. दोन महिन्यांत ती भाच्याच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांखाली. मेलेल्यानं त्यावर सुखानं झोपायचं!

काकूनं मात्र मंदाबाईला फोन करून सांगितलं, गादी चांगली घ्यायची. स्प्रिंगची घ्यायची. मंदाबाईला संकोच झाला, कारण सेज घेणारा भाचा तिचाच मुलगा अभिमन. नानांना अग्नी त्यानंच दिला होता. "कशाले एवढं? लोक म्हनतीन, लेकाच्या घरी लोटून राह्यली," ती म्हणाली. काकूनं ऐकलं नाही. नानांना जिवंतपणी लोखंडावर झोपायचं नव्हतं, आणि ही त्यांना मेल्यावर झोपवायला निघाली होती, असंही कुणी म्हणेल. म्हणू दे. तिच्या डोक्यात एवढंच होतं की ही एक वस्तू तरी नीट निवडायची. मग मंदाबाई म्हणाली, "बरं माय, मी पन येते."

भुसावळ स्टँडवर दोघी भेटल्या, बसनं जळगावला आल्या आणि उन्हातून रिक्षा करून गाद्यांच्या दुकानात शिरल्या. आत एसी. दुकानाचे मालक नवीनशेठ, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. गिऱ्हाइकाला पाणी देऊन मगच बोलणारा माणूस.

"कोणासाठी बघायची?" त्यांनी विचारलं.

"भाच्यासाठी," काकू म्हणाली.

"वजन किती असेल?"

मंदाबाई पटकन म्हणाली, "पंच्यान्नव. पन बांधा मजबूत हाये हो."

नवीनशेठनी दोन गाद्या दाखवल्या. एक बॉनेल. तिच्यात सगळ्या स्प्रिंगा तारेनं एकमेकींना बांधलेल्या; एक दबली की शेजारची हलते, तिच्या शेजारची हलते. दुसरी पॉकेट स्प्रिंगची. तिच्यात प्रत्येक स्प्रिंग वेगळी, आपल्या आपल्या कापडी पिशवीत शिवलेली. कापून ठेवलेला एक तुकडा होता, तो त्यांनी पुढे केला. काकूनं त्यातली एकच स्प्रिंग अंगठ्यानं दाबली. ती एकटी खाली गेली, बाकीच्या जागच्या जागी.

"तार जाड आहे," नवीनशेठ म्हणाले. "दहा वर्षं बघायला नको. पाठ दुखत असेल तर हीच घ्या."

काकूच्या हातांनी मग जुनं काम सुरू केलं. कडेची शिलाई ओढून बघितली. कोपऱ्यावर गुडघा टेकला. पार कडेला बसून बघितलं, घसरायला होतं का. वाकून कान लावला, कुरकुर येते का. सगळं बरोबर होतं, आणि सगळं दुसऱ्याच कुणाचे हात करताहेत असं तिला वाटत होतं. नवीनशेठनी सांगितलं, नुसतं बसून गादी कळत नाही, दहा मिनिटं आडवं व्हायला लागतं. पाठीवर झोपायचं आणि कमरेखाली हात सरकवायचा. हात मोकळा फिरला तर गादी फार कडक, अडकला तर फार मऊ.

"दानाच्या गादीवर आपुन आधी निजायचं?" मंदाबाईनं पदर सावरला.

"ही दाखवायची आहे मावशी, तुम्हाला पॅकबंद देणार," नवीनशेठ म्हणाले.

तेव्हा दोघी चपला काढून आडव्या झाल्या. दोन विधवा बाया, भर दुपारी, ट्यूबलाइटखाली, शेजारी शेजारी. मंदाबाईला हसू आलं. "आपले मानसं पाह्यतीन तं काय म्हनतीन व!" काकूनं कमरेखाली हात घातला. हात जेवढा जायला हवा तेवढाच गेला. इतकी वर्षं फरशीवर टाकलेली तिची कंबर पहिल्यांदा कशाला तरी टेकली.

"आता मावशी, तुम्ही कूस बदला," नवीनशेठ मंदाबाईला म्हणाले. मंदाबाई वळली, परत सरळ झाली. अंगानं काही कमी नव्हती ती. नवीनशेठनी काकूला विचारलं, "कळलं का काही?"

"नाही."

"हीच तर खुबी आहे! शेजारचा उठून गेला तरी तुमची झोप मोडायची नाही." तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. "आरामात पडा," म्हणून ते तिकडे गेले.

मंदाबाई छताकडे बघत होती. तिनं सहज म्हटलं, अगदी सहज, "बरं झालं बाई, ज्ञानू असल्या गादीवर नव्हता. तुले जागच आली नसती. पानी कोन पाजलं असतं त्याले?"

काकू आजही गप्प राहिली असती तर चाललं असतं. बारा महिने चाललं होतं, पुढचीही वर्षं चाललं असतं, आणि परवा सेज देताना मंदाबाईनं हेच पन्नास माणसांपुढं सांगितलं असतं. ते तिला ऐकवेना. सोसवेना असंही नाही. ऐकायचाच कंटाळा आला.

"अक्का, मी पानी नव्हतं पाजलं."

"काय?"

"मी त्यायच्याजवय नव्हती. मधल्या खोलीत निजेल होती, खाली. चार वर्षांपासून तिकडेच निजत होती. सकायी चहा घेऊन गेली, तं गार झाले होते."

मंदाबाईनं छताकडेच बघत विचारलं, "मंग त्यानं हाक मारली असंन?"

"माहीत नाही."

"तुले आयकू नाही आली?"

"कूलर चालू होता, अक्का."

खानदेशातल्या वैशाखात कूलर काय आवाज करतो ते कुणाला सांगायला नको. मंदाबाई हळूच वळली आणि तिनं काकूकडे पाठ केली. काकू तशीच पडून राहिली. आता ही उठेल, तोंडावर थुंकेल, चारचौघांत सांगेल, सेज घ्यायला लेकाला पाठवणार नाही, असं एकेक तिच्या मनात येऊन गेलं, आणि आलं तसं गेलं. भीती वाटायला हवी होती, तीही वाटली नाही. वाट बघत राहिली. शेजारून काही येईना. ना शब्द, ना शिवी. गादी जागची हलली नाही. काकूला वाटलं, अक्का नुसती पडली आहे. झोप लागली की काय हिला!

मग तिनं मान वळवून बघितलं. मंदाबाईची सगळी पाठ गदगदत होती. पदराचा बोळा तोंडात कोंबलेला, खांदे कानापर्यंत आलेले, बाई मुळापासून हलत होती. हातभर अंतरावर. आणि काकूच्या अंगाखाली त्यातलं कणभरही पोचलं नव्हतं. किती वेळ ती अशी रडत होती, कोण जाणे.

काकूनं हात लांब केला आणि तिच्या पाठीवर ठेवला. हुंदका आला तो तळहातावर आदळला. मग दुसरा. वर्षभर ज्या हाताला तेलाचा फोड कळला नव्हता, त्या हाताला ते कळलं. मंदाबाईनं हात झटकला नाही, जवळही ओढला नाही. काकूनं तो तसाच राहू दिला.

नवीनशेठ फोन ठेवून परत आले. दोघींकडे बघून जरा थबकले, मग चष्मा डोळ्यांवर घेतला. "काय मावशी, हीच देऊ का बांधून?"

"ही नको," सुलक्षणाकाकू म्हणाली. "शेजारचं मानूस हललं तर कयंन, अशी दाखवा."