चार्जिंगची वर्गणी

मी चौथी शिकलेला. पण विक्रोळीच्या आमच्या चाळीत पाण्याचा पंप आला तो माझ्यामुळे. दारोदार फिरलो, वर्गणी काढली, पंप बसवला. आता चाळीच्या जागी टॉवर आहे. तरी माझं म्हणणं तेच, सगळ्यांना लागेल ते सगळ्यांनी मिळून करायचं.

मुलाने कर्ज काढून विजेवर चालणारा तीनचाकी टेम्पो घेतला. त्याच्या भरवशावर हॉटेलांना सकाळची भाजी पोचवायचं काम मिळालं. सुरुवातीला आम्ही तिसऱ्या मजल्यावरून वायर खाली सोडून गाडी चार्ज करायचो, चाळीत पाववाल्यासाठी टोपली सोडायचो ना, तशी. सेक्रेटरीने ते बंद करायला लावलं. त्याचंही बरोबर होतं, खाली पोरं खेळतात.

"काका, रीतसर पॉइंट बसवा. कोण अडवतंय?" तो म्हणाला.

रीतसर म्हणजे काय ते वायरमनने सांगितलं. मीटरची खोली गेटपाशी, आमची पार्किंग पार मागच्या भिंतीला. तिथवर जाड केबल, वेगळा मीटर, वर बिल्डिंगचा लोड वाढवून घ्यायचा. आकडा ऐकून मुलगा खालीच बसला.

मी म्हटलं, "उद्या सगळ्यांकडेच अशा गाड्या येणार. वर्गणी काढू."

"बाबा, आता तसं नसतं. वापरेल तो भरेल. तुम्ही कुणाकडे जाऊ नका."

मी गेलो. इस्त्रीचा सदरा घालून एकेक मजला केला. लोकांनी बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. आणि गणपतीला देतात तसे कुणी एकावन्न, कुणी एकशे एक हातावर ठेवले. चाळीतला माझा जुना शेजारी म्हणाला, "घे, तुझ्या तोंडाकडे बघून देतोय. माझ्याकडे तर सायकल पण नाय."

जमलेले पैसे वायरमनपुढे ठेवले. त्याने ते मोजले. मग म्हणाला, "काका, यात फक्त प्लग येईल."

मुलाने एवढंच विचारलं, "आता हे परत कसे करणार?"

वर्गणी परत करायची नसते. पंपाच्या वेळी हा नियम मीच घातला होता. तरी एका दारात गेलो. बाई म्हणाल्या, "राहू द्या हो काका, मी मागितले का?" आणि दार लावून घेतलं. पैसे अजून चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात आहेत. मी त्यांना हात लावत नाही, घरातले त्यांचं नाव काढत नाहीत.

आता चार्जिंगला कांजूरमार्गला जावं लागतं. घरच्यापेक्षा वीज महाग. दोन प्लग, त्यातला एक बहुतेक बंदच. रांगेत सकाळ जाते. हॉटेलवाले थोडे दिवस थांबले, मग भाजीचं काम त्यांनी गॅसच्या टेम्पोवाल्याला दिलं. हप्ता मात्र चालूच आहे.

म्हणून रांगेत मी बसतो. मुलगा तेवढ्या वेळात बाजूच्या गोदामात माल उतरवायला जातो. हमालीच ती. रांग सरकली की मी त्याला फोन करायचा. पण हातात माल असला की तो फोन उचलत नाही, आणि गाडी पुढे घ्यायला मला येत नाही. मागचा हॉर्न वाजवतो. मी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला थांब म्हणतो, आणि परत फोन लावतो.