गुजरातला निघालेल्या मावशी

समोरच्याचं बोलणं संपलं की मावशी ओले हात पदराला पुसायच्या आणि म्हणायच्या, "सगळा लिवून द्या." स्वतःला अक्षर वाचता येत नव्हतं, पण कागदावर त्यांचा फार विश्वास. मी एकदा सहज म्हटलं, "उद्या तुमच्यासाठी फणसाची भाजी आणतो." मावशींनी माझ्याच टेबलावरचा कागद पुढे सरकवला.

ही चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. रत्नागिरीच्या बंदराजवळ कोळंबी सोलून गोठवायचा एक कारखाना होता. मी तिथे कारकून, आणि सोलणाऱ्या चाळीस बायकांत मावशी सर्वांत जुन्या.

एके दिवशी मालकाने कारखाना गुजरातला हलवायचं ठरवलं. नोटीस मीच टाइप केली: महिन्याभरात तिकडे हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या. संसार सोडून कोण जाणार, हे मालकाला ठाऊक होतं. बायका डोळे पुसत राजीनाम्यावर अंगठा लावायला रांगेत उभ्या राहिल्या.

मावशी मात्र तडक सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे गेल्या. परत आल्या त्या थेट रांगेपाशी.

"कोणी अंगठा लावू नका. आपण होऊन सोडला तर भरपाई नाय, असा साहेब म्हणाले."

मग मॅनेजरकडे वळून म्हणाल्या, "मी येतंय."

"कुठे?"

"गुजरातला. ऱ्हायची खोली, गाडीभाडा, नातीची शाळा, सगळा लिवून द्या."

"मी पण येतंय," मागची म्हणाली. दुपारपर्यंत माझ्या यादीत चाळीस नावं झाली. मॅनेजर ट्रंककॉल लावून बसले. तिकडे ना खोल्या होत्या, ना जागा. बायकासुद्धा तिथल्याच भरल्या होत्या. कामगार अधिकाऱ्याने बोलावून घेतल्यावर मालक नरमला. कारखाना बंद झाला असं धरून सगळ्यांना भरपाई मिळाली. त्या दिवशी पेढे वाटले गेले. मावशींनी तेवढा आपला पेढा न खाता पदरात बांधला.

दोन महिन्यांनी त्या मला एसटी स्टँडवर भेटल्या. अंगावर नवं लुगडं, सोबत कारखान्यातल्याच दोघी.

"मावशी, तेव्हा तुम्ही खरंच जाणार होतात?"

"मग? खेडच्या पुढं कधी गेलंय मी? आता द्वारकेला निघालंव तिघी."

पुढे त्या पावसला लेकीकडे राहायला गेल्या, असं कानावर आलं. मला काही पुन्हा दिसल्या नाहीत. त्या सकाळी मुंबईची गाडी सुटली तेव्हा खिडकीजवळच्या जागेवरून दोघींशी त्यांचं भांडण चाललं होतं, आणि त्या जिंकत होत्या.