बोअरमधली देवी

ते प्रकरण आठवले की आजही माझ्या मुठी आवळतात.

भोकरदन तालुक्यात, केदारखेड्याच्या पुढच्या एका शिवारात तेल आणि वायू शोधणारी एक छोटी खासगी कंपनी आली होती. मेंढपाळ घरातल्या एका विधवेच्या बोअरला गॅस लागला, असे कंपनीच्या मालकाने जाहीर केले. तिच्या दिराने परस्पर करारावर सही करून दिली. कंपनीने मोटार काढली, बोअरचे तोंड वेल्डिंगने बंद केले, मधून एक नळी वर आणली आणि तिच्या टोकाला ज्वाला पेटवली. ती दाखवून पुढच्या गावात भागधारक जमवायचे, तिथला बोअर करारावर घ्यायचा आणि तिथेही ज्वाला पेटवायची, अशी कंपनीची वाढ चालली होती.

गावाने मात्र मालकालाही न सुचलेली गोष्ट केली. ज्वालेला देवी ठरवले. दोन वेळा आरती, नारळ, नवस सुरू झाले. मालक खूश झाला. देवीची तपासणी कोण मागणार?

ती बाई माझ्याकडे पोलीस ठाण्यात आली तेव्हा तिची मेंढरे पाण्यावाचून मरू लागली होती. देवी तुझ्या रानात आली, नशीब समज, असे गाव तिलाच ऐकवत होते. ती मला म्हणाली, "साहेब, मला आग नको. पाणी पाह्यजे."

अर्जावरून चौकशी सुरू केली, पण हाती काही लागेना. मग सिलिंडर पोचवणाऱ्या एका टेम्पोवाल्याने खबर दिली. "त्या कंपनीच्या खोलीवर हॉटेल न्हाई, लगीन न्हाई, अन् कितीबी सिलिंडर टाकले तरी पुरून न्हाई राह्यले. मंग जातात कुठं?"

पुढच्या खेपेला आम्ही टेम्पो ठाण्यात आणून उभा केला, स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि मालकाला बोलावले. तोही माझ्यासारखाच तालुक्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. मला शिकवायला वडिलांनी जन्मभर मेंढरे वळली. शिक्षणाचा याने केलेला हा वापर पाहून माझे डोके भणभणले. तो मात्र आता घनसावंगीच्या ऊसपट्ट्यात कंपनी कशी वाढवणार, हे मलाच समजावत होता. टेम्पोबद्दल विचारले तर म्हणाला, तो आपण कधी पाहिलाही नाही. मी वाद घातला नाही. चहा मागवला आणि समोर गप्प बसून राहिलो. खोटे बोलणाऱ्याला प्रश्नांपेक्षा हे गप्प बसणे जड जाते.

ऊन उतरले तसा तो घड्याळाकडे पाहू लागला. शेवटी म्हणाला, "साहेब, मला पाह्यजे तितकं बसवा. पण टेम्पो जल्दी सोडा, तिकडं आरतीची वेळ झाली."

बोलून गेल्यावर त्याचा चेहरा उतरला.

त्याला घेऊन आम्ही शिवारात पोचलो तेव्हा आरती चालू होती. ज्वाला बारीक झाली, फडफडली आणि सगळ्या गावासमोर विझली. पंचांसमक्ष खोदले, तेव्हा जमिनीखालून गेलेली नळी कंपनीच्या पत्र्याच्या खोलीतल्या रिकाम्या सिलिंडरला जोडलेली निघाली. गुन्हा दाखल करून मालकाला अटक केली.

पंचनामा चालू असतानाच गाव त्या बाईवर धावून गेले. हिच्या तक्रारीने देवी गेली म्हणे. सरपंच सगळ्यांच्या पुढे. नोकरीत मी इतका कधी ओरडलो नव्हतो. बाई जागची हलली नाही. "सरपंच, देवी गेली न्हाई," ती म्हणाली. "ती आल्तीच न्हाई."

पुढे रीतसर परवानगी घेऊन बोअरचे तोंड कापले. मोटार बसली, पाणी आले. तोवर तिची निम्म्याहून जास्त मेंढरे गेली होती.

ठग मी पुष्कळ पाहिले. या प्रकरणाने मला शिकवले ते ठगाबद्दल नाही. त्या ज्वालेपुढे रोज हात जोडणाऱ्यांपैकी एकानेही त्या मेंढरांना घागरभर पाणी दिले नव्हते, आणि त्यासाठी लावायला माझ्याकडे कोणतेही कलम नव्हते.