पाण्यात पाहणारी पेटी

गोंदियाहून आलेली जीप थेट आमच्या तलावाच्या पाळीवर येऊन थांबली, तेव्हाच गावाने कान टवकारले. सरकारची गाडी काही देऊन जाते, असं आम्ही कधी बघितलं नव्हतं. काहीतरी घेऊन जाते, एवढं ठाऊक होतं. लढाईच्या दिवसांत बिरशीला असेच मोजणारे आले होते. आधी साखळ्या घेऊन बांध्यांमधून हिंडले आणि पुढे त्याच धानाच्या जमिनीवर विमानं उतरायला लागली. त्यामुळे जीपमधल्या साहेबाने एक लोखंडी पेटी खाली उतरवून मोडक्यातोडक्या मराठीत "घाबरू नका" म्हटलं, तेव्हा जे घाबरले नव्हते तेही घाबरले.

पेटी पाण्यातले मासे दाखवते, असं साहेबाचं म्हणणं. पेटीला वायर, वायरच्या टोकाला डब्यासारखं काहीतरी, ते पाण्यात सोडायचं. त्यातून आवाज खाली जातो, तळाला किंवा माशाला आपटून परत येतो आणि पेटीतल्या कागदावर काळं उमटतं. समुद्रावर हे चालतं म्हणे. तलावात चालतं का, ते त्याला बघायचं होतं. "मंग आमाले आवाज काऊन येत नाई?" माझ्या आईने विचारलं. साहेब म्हणाला, हा आवाज माणसाच्या कानाला कळत नाही. आईने माझ्याकडे बघितलं. ऐकू न येणाऱ्या आवाजावर भरोसा ठेवायला आम्ही काय वेडे होतो?

माझं नवीन लग्न झालेलं. देवरीकडच्या सासरहून दिवाळीला माहेरी आले होते आणि चार दिवस आराम करीन म्हणत होते. पण साहेबाला पेटी ठेवायला न हलणारी नाव हवी होती, आणि तिथूनच आमच्या घराचा घोर सुरू झाला.

आमच्याकडे नाव म्हणजे डोंगा, अख्खं खोड कोरून केलेला. एकटा डोंगा मोठा नाजूक, आतला माणूस शिंकला तरी कलंडतो. म्हणून दोन डोंगे शेजारीशेजारी ठेवून दोरांनी जखडतात. मग त्यावर संसार मांडा. गावात सारख्या लांबीचे, जोडीनेच कोरलेले मोठे डोंगे दोनच होते. एक माझ्या बाबांचा, दुसरा त्यांच्या धाकट्या भावाचा, म्हणजे माझ्या काकाचा. आणि ती जोडी सुटून कितीतरी वर्षं झाली होती.

भांडण कशाचं, तर जागेचं. एकदा काका तापाने पडला असताना बाबा एकटेच गेले आणि डोंगा भरून रोहू घेऊन आले. कुठे मिळाले, असं काकाने विचारलं. बाबा म्हणाले, "पान्यात." बाबांचं बोलणं असंच, एका शब्दात काम भागत असेल तर दुसरा काढायचा नाही. काकाने त्याचा अर्थ असा लावला की भावाला माशांची जागा सापडली आहे आणि तो ती लपवतो आहे. बरा झाल्यावर त्याने पहिलं काम केलं ते दोर सोडायचं. पुढे त्याच्या नजरेला आलं की बाबा रोज परतताना तलावाच्या मधोमध, पाण्यात उभ्या असलेल्या एका सुक्या झाडापाशी, एक बिडी संपेपर्यंत थांबतात. झालं, संशयाला पत्ता मिळाला. त्याने गुपचूप तिथे जाळं टाकलं. काही लागलं नाही. दुसरा कुणी असता तर तिथेच गप्प बसला असता. काकाने गावभर सांगितलं की भाऊ आधीच सगळं साफ करून ठेवतो. एखाद्याला पाण्यात पाहणं म्हणतात ना, ते काका बाबांच्या बाबतीत रोज करत होता. त्याला कुठल्या पेटीची गरज नव्हती.

खरं सांगायचं तर माझ्याही मनात पाल चुकचुकायची. "तेथं कायले थांबता बाबा?" असं मी विचारलं होतं. "बिडी ओढाले." बिडी काय काठावर ओढता येत नाही? आता पेटीने त्या झाडाखाली मासे दाखवले, तर काकाचं इतक्या वर्षांचं बोलणं खरं ठरणार होतं आणि माझा बाप सख्ख्या भावाच्या तोंडचा घास चोरणारा. ते होऊ नये, एवढंच मला हवं होतं. होणार नाही, याची मात्र खात्री नव्हती.

"तू बी बस डोंग्यात," आई मला म्हणाली. "त्या साहेबाचा भरोसा नाई आन् तुह्या काकाचा तर नाईच नाई."

दोन्ही डोंगे पुन्हा शेजारी आले. काकाने दोर बांधला. बाबांनी ती गाठ सोडून परत बांधली. काकाने ती तपासली, बाबांकडे न बघता. मधल्या फळीवर साहेब, पेटी आणि मी. एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला काका. दोघेही आपापल्या मनाने वल्हं मारू लागले आणि आम्ही घाण्याच्या बैलासारखे जागच्या जागी गोल फिरलो. साहेब हिंदीत ओरडला, तेव्हा कुठे दोघांनी एका दिशेला तोंड केलं.

काठाजवळच्या गवताशी पेटी टकटक करू लागली. कागदावर तळाची जाड रेघ, तिच्या वर काळे ठिपके. "मछली," साहेब म्हणाला. काकाने त्याच्याकडे असं बघितलं की साहेबानेच ते ठिपके काढले असावेत. मग उठून जाळं फेकलं. तीन मरळ आल्या, चांगल्या हातभर लांब. काकाने त्या उलटसुलट करून बघितल्या, जणू साहेबाने घरून आणून सोडल्या असाव्यात. पण पेटी खोटं बोलत नाही, हे त्याला पटलं. त्याचे डोळेच बदलले.

"साहेब," तो म्हणाला, "आता त्या सुक्या झाडापाशी चला."

बाबांनी वल्हं आडवं ठेवलं. चोराच्या मनात चांदणं, असं माझ्या मनात येऊन गेलं आणि माझीच मला लाज वाटली. काका एकटाच जोर लावत राहिला, डोंगे तिरके-तिरके जात अखेर झाडापाशी पोचले. पेटी टकटकली. मी देवाचं नाव घेत कागदावर डोळे लावले.

तळाची रेघ. वर काही नाही. कोरा कागद.

"परत पाहा," काका म्हणाला. साहेबाने परत पाहिलं. काकाने झाडाभोवती फेरी मारायला लावली. कोराच. साहेब म्हणाला, इथे नुसता गाळ आहे, मासा इथे कशाला येईल?

काका बाबांकडे वळला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच त्यांच्याशी समोरासमोर बोलत होता. "मंग तू इथं थांबतेस कायले?"

"बिडी…"

"बिडीचं सांगू नोको मले!"

बाबांनी हनुवटीने डोंगराकडे दाखवलं. तिथे डोंगराची सोंड तलावात उतरते आणि तिच्या मागे पाणी वळतं. काका रोज त्या वळणात जाळं टाकायचा. काठावरून ते वळण दिसत नाही.

"एकटा डोंगा घेऊन जातेस तिकडं," बाबा म्हणाले. "कलंडला त कोन पाहाते? डोंगा सीधा दिसला का मी घरी जातो."

काकाचा विश्वास बसला नाही. तो उठून बाबांच्या बाजूला गेला, ते बसायचे तिथे बसला आणि डोळ्यांवर हात धरून बघू लागला. मीही बघितलं. वळण पूर्ण दिसत होतं. पाण्यात रोवलेला काकाचा जाळं बांधायचा बांबूसुद्धा दिसत होता. म्हणजे इतकी वर्षं संध्याकाळी हा तिथून ह्यांच्याकडे बघत जळत होता आणि हे इथून त्याच्याकडे बघत होते. मला दोघांचाही इतका राग आला की दोघांनाही पाण्यात ढकलून द्यावंसं वाटलं.

"मंग एक दिवस आवाज काऊन नाई देला?" काका ओरडला. "एक दिवस!"

बाबांनी आडवं ठेवलेलं वल्हं उचललं.

"तू म्हनला असता, मासे पाहाले आला."

"म्हनलो असतो," काका म्हणाला, आणि साहेबासमोर, माझ्यासमोर, ओक्साबोक्शी रडायला लागला.