कॅप्टन परत येतो

माझ्या मामाला कुणी नुसतं "काय, बरंय ना?" विचारलं तरी तो म्हणायचा, "का? काय ऐकलंत?" कॉलेजची सगळी वर्षं मी कर्वेनगरला त्याच्याकडे राहिले आणि त्याने कशावर पटकन विश्वास ठेवलाय असं मी एकदाही बघितलं नाही. औषधाच्या दुकानात तो आधी एक्स्पायरी डेट वाचायचा, मग दुकानदाराकडे बघायचा, मग परत डेट वाचायचा.

त्यामुळे त्याच्या तरुणपणीची ती अंतराळवाली मालिका मला नेटवर सापडली तेव्हा मी जाम खूश झाले. टीव्हीला लॅपटॉप जोडला, मामाला समोर बसवलं. वाटलं, डोळ्यात पाणी येईल याच्या. कसलं काय. पहिल्याच भागात म्हणाला, "थांबव. यानाच्या खिडकीला ग्रिल आहे. वर चोर येतात का?"

मग रोज संध्याकाळी तेच. कॅप्टनचं हेल्मेट म्हणजे स्कूटरचं हेल्मेट, वर चंदेरी रंग मारलेला. मंगळावर मागे विजेचा खांब. "तेव्हा हे दिसलं नाही तुला?" मी विचारलं. "तेव्हा टीव्ही केवढासा होता," मामा म्हणाला, "त्याचाच फायदा घेतला यांनी." मामी पलीकडे मटार सोलत म्हणायची, "अहो, तुम्हाला बघायचंय का पकडायचंय?"

आणि मग शेवटचा भाग आला. यान बिघडतं, कॅप्टन बाकीच्यांना घरी पाठवतो आणि स्वतः तिथेच राहतो. संपलं.

मामा उठून उभाच राहिला. "हा शेवट नाहीये. बदललाय कुणीतरी. कॅप्टन परत येतो."

मी दुसरीकडची कॉपी शोधली. तोच शेवट. मामाने कंपनीतल्या जुन्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "अरे, मरतो की तो." मामाने त्याच्यावरही संशय घेतला. पण अमेरिकेतल्या दादाला, म्हणजे मामाच्या मुलाला, हे कळलं आणि तो सहज बोलून गेला, "बाबा, एकदा डॉक्टरांना दाखवून घेऊ या का?"

त्यानंतर मामाने कॅप्टनचं नावच काढलं नाही. त्याचे वडील, आप्पा, शेवटी शेवटी त्यालाच ओळखत नव्हते. आता मामा किल्ली कुठे ठेवली ते स्वतःशीच पुटपुटायचा. आमच्या बिल्डिंगमधल्या लोकांची नावं घोकायचा. सगळ्या जगावरचा संशय काढून त्याने तो स्वतःवर लावला होता, आणि मला ते अजिबात बघवत नव्हतं.

एकदा चहाच्या वेळी मी म्हटलं, "मामा, नीट आठव. शेवटी नक्की काय होतं?"

"यान उतरतं," तो हळू आवाजात म्हणाला. "त्याची बायको डबा घेऊन उभी असते. डब्यात थालीपीठ."

मामीने कप खाली ठेवला.

"थालीपीठ मी घातलं त्यात," ती म्हणाली. "तुमची सेकंड शिफ्ट होती त्या दिवशी. तुम्ही बघितलाच नाही तो भाग. घरी आल्या आल्या विचारलंत, काय झालं कॅप्टनचं? आप्पांना जाऊन महिनाही झाला नव्हता. आणखी एक माणूस गेला म्हणून कसं सांगू? म्हटलं, आला परत."

आधी मामाचे खांदे सैल झाले. "म्हणजे माझं डोकं शाबूत आहे."

"तेवढं आहे," मामी म्हणाली.

त्याने चहाचा एक घोट घेतला. मग कप तसाच हातात धरून विचारलं, "आणखी काय काय सांगितलंयस मला?"

"बरंच. चहा गार होतोय."

पुढच्याच महिन्यात मला बंगळुरूला नोकरी लागली. निघताना मामा रिक्षापर्यंत आला. रिक्षाचं मीटर, रिक्षावाल्याचा चेहरा, माझ्या बॅगेची चेन, सगळं तपासून झालं. मग मागे वळून, मामी वर गॅलरीत आहे याची खात्री करून म्हणाला, "पोचलीस की फोन कर. तिला नको, मला कर. ती मला सगळं चांगलंच सांगते."