कोरडी भिंत

गाव बघायला डोंगर चढून येणाऱ्यांना सगळ्यात शेवटी एक पांढरी भिंत दाखवतात. आधी वेशीचा दगडी दरवाजा, मग चित्रकारांची गल्ली, मग तटावरून दिसणारी दरी, आणि पाय पार भरून आले की ही माडीवरची खोली. लोक दम खात उभे राहतात, भिंतीकडे बघतात, मग एकमेकांकडे बघतात. गाइड याच घटकेची वाट बघत असतो.

"मंडळी, इथे आपल्या थोर चित्रकाराने कोळशाने एका बाईचं चित्र काढलं होतं. आणि आमच्याच गावच्या एका शहाण्याने त्यावर चुना फासला. चुकून!"

लोक हसतात आणि भिंतीचे फोटो काढतात. काही नसलेल्या भिंतीचा फोटो घरी जाऊन कोणाला दाखवतात, देव जाणे.

तो शहाणा बहुधा तेव्हा खालच्याच गल्लीत शिडीवर असायचा. गाव त्याला पुसक्या म्हणायचं. तोंडावर म्हणायचं, आणि तोही ओ द्यायचा. दरवर्षी पाहुण्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी वेशीपासून तटापर्यंतची घरं पांढरी करायची, हे त्याचं काम. पिपात चुना भिजवायचा, गाळायचा, भिंत झाडायची, मग ती पाण्याने चिंब ओली करायची, आणि त्यानंतरच पहिला पातळ हात. हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला तो एकच गोष्ट बजावायचा, "आधी तिला पाणी पाज. तहानलेली भिंत चुना धरत नाही." कितीही घाई असो, त्याने ही पायरी कधी गाळली नाही. एकदाच गाळली, आणि ते त्याच्याखेरीज कोणालाही माहीत नव्हतं.

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. चित्रकार तेव्हा थोर वगैरे नव्हता, माडीवर भाड्याने राहणारा, दाढी वाढलेला एक माणूस होता. पुसक्याची बायको अशा तीन-चार चित्रकारांच्या खोल्या झाडायची, पुसायची. लग्नाला दीड वर्ष झालेलं, तिला चौथा महिना लागलेला. एका सकाळी पाण्याच्या नळावर कोणीतरी डोळे मिचकावत म्हणालं, "अरे, तुझी बायको त्या दाढीवाल्याच्या भिंतीवर आहे, बघितलीस का?" दाढीवाला रंग आणायला दोन दिवस खाली शहरात गेला होता. घरमालकाने घराची बाहेरची बाजू पांढरी करायला सांगितलीच होती, त्यामुळे किल्ली याच्याकडेच होती.

दारातून त्याला भिंतीवर तिचे मोकळे केस दिसले. खांद्यावर, मानेवर पसरलेले. त्याच्या अंगाची लाही लाही झाली. पुढे जाऊन चेहरा नीट बघण्याइतकाही धीर त्याला निघाला नाही. पीप वर आणलं, आणि घट्ट, दह्यासारखा चुना कुंचल्याने भराभर ओढला, पहिला फटका चेहऱ्यावरच. भिंत झाडली नाही, ओली केली नाही. मग खाली येऊन घरमालकाला सांगितलं, "मला वाटलं, आतलीही करायची आहे."

सगळ्यांना ते पटलं. पुसक्या खोटं बोलेल असं कोणाला वाटण्याजोगा तो माणूसच नव्हता. चित्रकार परत आला, भिंतीकडे बघितलं, आठवड्याने गाठोडं बांधून निघून गेला. पुढे त्याचं नाव झालं, तो वारला, आणि त्याची खोली बघायला माणसं डोंगर चढू लागली. त्या भिंतीला मग कोणी बोट लावलं नाही.

बायकोने त्या संध्याकाळी विचारलं, "चुकून झालं ना?" तो म्हणाला, "हो." तिने ताट वाढलं. तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. केस सोडून ती तिथे का बसली होती, हे त्याने कधी विचारलं नाही, कारण विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं. असं करत दोघं अडतीस वर्षं नेटाने राहिली. भांडली, हसली, मुलगी वाढवली. दोन वर्षांपूर्वी बायको गेली. मागे तिचा ओळखपत्रावरचा एकच फोटो राहिला, त्यात ती पकडून आणल्यासारखी दिसते. तरुणपणीचा चेहरा फक्त त्या चुन्याखाली होता, आणि तिथे तो याच माणसाने गाडला होता.

यंदा हंगामाच्या तोंडावर शहरातून एक बाई आल्या. जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या. गावाने त्यांना लगेच चित्रांची डॉक्टरीण करून टाकलं. चित्रकाराच्या एका पत्रात त्या भिंतीचा उल्लेख सापडला होता, म्हणून चुना काढून बघायचं ठरलं. खोलीचं तिकीट देणारी पुसक्याचीच मुलगी. तिने बापाला बोलावणं धाडलं. डॉक्टरीणबाईंना चुन्याबद्दल विचारायचं होतं, आणि त्याबाबतीत गावात त्याच्यासारखा जाणकार नव्हता.

"काका, एकच गोष्ट सांगा," बाई म्हणाल्या. "भिंत आधी ओली केली असेल तर चुना आत मुरलेला असणार. मग कापडाच्या ओल्या पट्ट्या लावून तो मऊ करावा लागेल, आणि त्यात कोळसा बराचसा धुऊन जाईल. दुसरा इलाज नाही. तुम्ही ओली केलीच असेल ना?"

"म्हणजे काय!" गाइड मध्येच बोलला. "हा माणूस पाणी मारल्याशिवाय कुंचला उचलत नाही. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"बाबांचं काम चोख असतं," मुलगीही म्हणाली. लहानपणापासून तिने शाळेत, गल्लीत प्रत्येकाशी त्या चुन्यावरून भांडण केलं होतं. माझ्या बापाची चूक झाली, चूक कोणाचीही होते, असं म्हणत.

बाईंनी पट्ट्या पाण्यात टाकल्या. पुसक्या त्या पाण्याकडे बघत राहिला. गप्प राहणं सोपं होतं, चाळीस वर्षांची सवय होती. गप्प राहिला असता तर मुलीचा बाप शाबूत राहिला असता, फक्त आईचा चेहरा तेवढा पाण्याबरोबर गेला असता.

"पाणी नका लावू," तो म्हणाला. "कोरडी होती."

"नक्की? इतक्या वर्षांपूर्वीचं आठवतं तुम्हाला?"

"आठवतं. चुकून नाही मारला चुना. मुद्दाम मारला. रागाने. पाणी आणायलाही थांबलो नाही."

मुलीने बापाकडे बघितलं, तिकिटांचं पुस्तक उचललं आणि ती जिना उतरून गेली.

तीन दिवस बाई बारीक पात्याने चुना सोडवत होत्या. पोपडे सुटे होऊन पडत होते, कोरडे, खाली कसलीही पकड नसलेले. पुसक्या रोज सकाळी येऊन कोपऱ्यात बसायचा. मुलगी त्याच्याशी बोलत नव्हती. घरी जेवण झाकून ठेवायची आणि दुसऱ्या खोलीत जायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी तिला वर हाक मारली. चेहरा निघाला होता. स्टुलावर बसलेली, डोकं भिंतीला टेकलेली, मांडीवर फडकं, अंबाडा सुटून खांद्यावर आलेला. तोंड किंचित उघडं. डोळे मिटलेले.

"झोपल्यात," बाई हळूच म्हणाल्या. "काम करता करता डोळा लागलेला दिसतोय. चित्र काढतायत हे यांना कळलंही नसेल."

पुसक्या उठून पुढे गेला. जे बघायला तो त्या दिवशी घाबरला होता, ते एवढंच होतं. चौथ्या महिन्यातली, थकलेली, बावीस वर्षांची त्याची बायको. एक प्रश्न विचारायचा होता, तो त्याला अडतीस वर्षांत विचारता आला नाही. तो मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला.

मुलगी भिंतीजवळ गेली. मग बापाकडे न बघताच म्हणाली, "आई आजारपणात म्हणायची, 'माझं चित्र होतं म्हणतात. कसं होतं ते मला एकदा बघायला मिळायला हवं होतं.'"

त्याने मान हलवली. थोड्या वेळाने मुलीने त्याचा दंड धरून त्याला उठवलं, आणि धरलेला दंड मात्र सोडला नाही.

दुसऱ्या सकाळी पहिली तुकडी चढून आली. वीसएक माणसं बडबडत जिना चढली. गाइड पुढे झाला, घसा साफ केला, आणि अडला. नेहमीची गोष्ट आता चालणार नव्हती, आणि नवी सांगायची त्याला लाज वाटत होती.

कोपऱ्यातून पुसक्या उठला.

"हिला मी पुसलं होतं," तो लोकांना म्हणाला. "चुकून नाही. ही माझी बायको. झोपली आहे, जरा हळू बोला."