नव्या गाडीचे पहिले पाचशे मैल

दिवाळीचा पाडवा, सन १९४८. रक्कम आठ हजार चारशे रुपये, रोख. हजर माणसं चार: मी, माझी पत्नी, तिचा धाकटा भाऊ आणि पुण्याच्या विक्रेत्याने पाठवलेला कारकून. जागा सांगलीतलं माझं हळदीचं गोदाम.

गाडी विलायतेहून आलेली, गडद हिरवी, कापडी टपाची, दोनच माणसांची. मिरजेपर्यंत रेल्वेच्या वाघिणीतून आली होती, त्यामुळे मैलांच्या आकड्यावर फक्त सात होते. पत्नीने गाडीला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मग मागेपुढे बघून म्हणाली, "घरात माणसं सात आन गाडीत जागा दोन. आवं, तुमास्नी हिशेब येतो म्हणत्यात ना?"

खरं कारण सांगितलं असतं तर ती हसली असती. मी हळदीचा अडत्या. लहानपणी बैलगाडीने हिंडलो, ती ताशी अडीच मैल. पुढे प्रवासी सर्व्हिस मोटारीने, ती पंचवीस. ही गाडी ताशी ऐंशी मैल जाते असं वर्तमानपत्रात वाचलं, आणि ऐंशी म्हणजे काय असतं ते शेहेचाळिसाव्या वर्षी एकदा कळावं असं वाटलं. एवढंच.

कारकुनाने पैसे मोजून घेतले आणि नियम सांगितले. पहिले पाचशे मैल तीसच्या वर जायचं नाही. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिनाला कण्हायला लावायचं नाही. अडीचशेवर एकदा आणि पाचशेवर एकदा तेल बदलायचं, नट आवळून घ्यायचे.

"तीसच का?" मी विचारलं.

"आतले भाग नवे असतात. एकमेकांवर घासून नीट बसायला वेळ द्यावा लागतो."

"मग कारखान्यातच का नाही घासून देत?"

कारकून नोटा पुन्हा मोजू लागला. मेव्हणा त्याला म्हणाला, "तुमी मनावर घेऊ नगा. आमचं दाजी देवाच्या पुजाऱ्यालाबी आसंच इचारत्यात."

हा मेव्हणा उंब्रजचा. त्याचे थोरले भाऊ ऊस बघतात. हा लढाईत गेला, आधी मिसरात आणि मग इटलीत लष्कराची लॉरी चालवली. तिथे लॉरी उलटून त्याचा डावा पाय गुडघ्याखाली मोडला. हाड जुळलं, पण पाय जरासा आखूड राहिला. घरी आल्यावर त्याला येत होतं ते एकच काम, आणि ते त्याला कुणी देईना. साताऱ्याच्या एका सर्व्हिस मोटारीच्या मालकाकडे मीच त्याला घेऊन गेलो होतो, कारण माझी पोती त्या मोटारीच्या टपावरून जात. मालक सरळ बोलला. "क्लच डाव्या पायानं दाबायचा आसतो. माझ्या मोटारीत तीस माणसं बसत्यात. मेव्हणा म्हणून सांगू नका. पाय चालतो असं तुमचं तुमाला पटेल, त्या दिवशी या. तुमच्या शब्दावर घेतो."

म्हणून मी ठरवलं, पाचशे मैल मेव्हण्यानेच चालवायचे आणि मी शेजारी बसायचं. इंजिनही बसेल आणि पायाचंही कळेल. पेट्रोल कुपनावर मिळे, त्यामुळे हे काम शिमग्यापर्यंत पुरणार होतं. आम्ही निघालो की पत्नी दारात यायची आणि गाडीकडे न बघता भावाच्या पायाकडे बघायची.

पळण्यासाठी बनवलेली गाडी तीसच्या आत चालवणं किती अवघड आहे, हे बसल्याशिवाय कळत नाही. वेगाच्या काट्याचं तोंड सारखं वर असतं. कृष्णेचा पूल ओलांडून इस्लामपूरच्या रस्त्याला लागलं की मागून येणारी भरलेली सर्व्हिस मोटार आम्हाला गाठायची. टपावरची माणसं वाकून बघायची. एकाने एकदा विचारलं, "ढकलायची हाय काय?" मेव्हण्याने मान हलवली. मला मात्र आतलं कुतूहल लागलं होतं. बॉनेट उघडून मी रोज बघे, पण घासणारे भाग काही बाहेरून दिसत नव्हते. दिसायची ती हळदीची धूळ. गोदामात ठेवल्याने हिरव्या रंगावर पिवळा थर बसायचा, आणि पुसणाऱ्याची पाच बोटं दारावर उमटायची. हवा आत घेणारी जाळीसुद्धा पिवळी व्हायची. ती मी दर आठवड्याला पेट्रोलने धुऊन काढी.

दोनशे मैल व्हायला आले होते तेव्हाची गोष्ट. आम्ही कराडकडे चाललो होतो. चालकाची जागा उजवीकडे, त्यामुळे मेव्हण्याचा डावा पाय माझ्याच बाजूला. गिअर बदलताना हात हलतो आणि त्याबरोबर पाय हलतो, हे मला एव्हाना पाठ होतं. त्या दिवशी हात सात वेळा हलला आणि पाय दोनदा.

"पाव्हणं," मी म्हणालो, "पाय कुठं गेला?"

तो म्हणाला, "दाजी, आवाज ऐका." त्याने उजवा पाय जरा सैल केला, इंजिनाचा सूर उतरला, आणि एका ठरावीक सुराला त्याने दांडा नुसता दोन बोटांनी सरकवला. गिअर बसला. क्लचला पाय लावलाच नव्हता. "वेग आन आवाज जुळला की दात आपसुक बसत्यात. वाळवंटात शिकलो."

मला फार नवल वाटलं. मी त्याला ते पुन्हा करायला लावलं, मग आणखी पुन्हा. तो सूर कोणता ते मी तोंडाने म्हणूनही पाहिलं. पाचव्या वेळेला माझ्या ध्यानात आलं की मी विचारलं होतं ते वेगळंच.

"थांबताना आणि सुटताना?"

"तवा दाबावाच लागतो."

"दुखतो?"

"दाबताना न्हाई. सोडताना."

"मग मालकाला काय सांगायचं?"

"म्या न्हाई, तुमी सांगनार. म्हणून तर लपवलं."

पुढे उंब्रजच्या अलीकडे एक माणूस शर्यतीची हलकी गाडी घेऊन आला. जुवाला दोन पांढरे खोंड होते. त्याने आमच्या बरोबरीने खोंड पळवले, हसला, आणि पुढे निघून गेला. पुढच्या विहिरीवर तो खोंडांना पाणी पाजत थांबला होता. मेव्हण्याच्या ओळखीचाच निघाला.

"काय रं गड्या, इलायती बैल बसका निघाला व्हय?"

"पाचशे मैल हुईस्तवर पळवायची न्हाई," मेव्हणा म्हणाला.

"आता किती झालं?"

"दोनशे."

"म्हंजे अजून दूधपितं हाय. मग बरोबर." त्याने गाडीच्या नाकावर बैलाला थोपटतात तसं थोपटलं. तेवढ्यात मेव्हणा खाली उतरला, आणि उतरताना त्याने दाराला धरलं. घोटा बुटाच्या वर सुजून आला होता. तो माणूस पायाकडे बघत म्हणाला, "आन ह्या खोंडाला कुणी दामटलं रं इतकं?"

मेव्हण्याला हसू आलं. मला आलं नाही. गाडी तीसच्या वर जाऊ नये म्हणून मी काट्याकडे बघत होतो, आणि पायाने दिवसाला किती मैल करावे हे कुणीच ठरवलं नव्हतं.

सांगलीला परत आल्यावर मी पत्नीकडून शिवणाची टेप मागून घेतली. मेव्हण्याला गाडीत बसवलं आणि क्लच शेवटपर्यंत दाबायला सांगितलं. मी दारात गुडघे टेकून बघत होतो. पाय शेवटच्या इंचाला पोचताना त्याची कंबर सीटवरून उचलली जात होती. आधार सुटलेल्या कंबरेने तो पाय हळूहळू सोडू बघायचा, आणि दुखायचं ते तेव्हा. दोन्ही पाय मोजले. फरक पाऊण इंचाचा. सीट पुढे सरकवून पाहिली, तर उजवा गुडघा स्टिअरिंगला लागू लागला. शिवाय साताऱ्याच्या मोटारीतलं सीट काही सरकत नाही.

"क्लचवर लाकूड ठोका," मेव्हणा म्हणाला.

"मोटार माझी नाही. ठोकायचं ते तुमच्या बुटाला."

पत्नी मागे उभी होती. "चार वरसं झाली पाय मोडून," ती म्हणाली, "आन कुणी मोजला न्हाई. दवाखान्यात न्हाई, घरात न्हाई."

मोचीकडून डाव्या बुटाला कातड्याचे थर लावून पाऊण इंच तळ वाढवला. पहिल्या दिवशी तो त्या बुटात अडखळत होता. दहा मैल झाले की थांबायचं, उतरायचं, थोडं चालायचं, असा नियम केला. पुढे पंधरा, मग वीस. सूज संध्याकाळी यायची, ती हळूहळू कमी झाली.

अडीचशे मैलांवर तेल बदललं. जुनं तेल पितळी परातीत घेतलं आणि उन्हात धरलं. काळ्या तेलात बारीक चकाकी फिरत होती, बुक्क्यात अभ्रक असतो तशी. मी बोटांवर चोळून बघितलं. टोचत नव्हतं, पण होतं. घासतात म्हणजे काय, ते मला तेव्हा दिसलं. पत्नीला मुद्दाम बोलावून दाखवलं. तिने बघितलं आणि म्हणाली, "ती परात परत चुलीकडं आणायची न्हाई." पाचशेला पुन्हा त्याच परातीत तेल काढलं. उन्हात कितीही फिरवलं तरी चकाकी शोधावी लागत होती. त्याच आठवड्यात कराडपर्यंत जाताना मी पुन्हा मोजलं. हात एकोणीस वेळा हलला, पायही एकोणीस वेळा.

या मधल्या दिवसांत सपाट रस्त्यावर मेव्हणा मला चालवायला शिकवत होता. परवाना मी काढला होता. मला गाडी पुढे नेता यायची. थांबवताही यायची. चढावर सुटायला मात्र मी कधी बसलो नव्हतो.

शिमग्यानंतर आम्ही साताऱ्याला गेलो. पत्नीने निघताना भावाच्या हातावर दही घातलं. मालक मोटारीपाशी उभा होता. त्याने मेव्हण्याकडे न बघता मला विचारलं, "काय, पटलं का तुमाला?"

"मला पटलं," मी म्हणालो. "पण तुमची मोटार आमच्या गाडीपेक्षा जड. तिचा क्लच मी मोजलेला नाही. तुम्हीच बघा."

मालकाने मोटार चढावर अर्ध्यात उभी करायला लावली. तिथे कडेला एका बाईचं चहाचं दुकान होतं. तिच्याकडून त्याने पाण्याचं मडकं आणलं आणि मागच्या चाकामागे चार बोटांवर ठेवलं. "भरल्यालं ठिवतो. रिकाम्याची भीती कुणाला वाटत न्हाई."

बाई म्हणाली, "फुटलं तर भरून द्या म्हंजे झालं."

मेव्हणा वर चढून बसला. मी खाली, मडक्याजवळ. मला खिडकीतून त्याचा खांदा दिसत होता, पाय दिसत नव्हता. इंजिनाचा आवाज वाढला, हातब्रेक सुटल्याचा खटका ऐकू आला, आणि मोटार एक क्षण नुसती थरथरली. चाक मागे आलं नाही. मग ती पुढे गेली. मालकाने तीन वेळा हेच करायला लावलं. तिसऱ्या वेळेला त्याने मडकं चार बोटांवरून दोन बोटांवर आणलं. मडक्यातलं पाणी हललंसुद्धा नाही.

"उद्या पहाटेपास्नं या," तो मेव्हण्याला म्हणाला. "म्हसवडची फेरी. पगार महिना झाल्यावर बोलू." मग माझ्याकडे वळून, "शब्द दिला आसता तर घेतलंच आसतं. पर हे बरं झालं."

मेव्हण्याने बूट काढून पाय हाताने चोळला आणि पुन्हा घातला. "दाजी," तो म्हणाला, "मी हितं ऱ्हायलो. तुमची गाडी कोन नेनार?"

याचा विचार मी केला नव्हता. पाचशे मैलांत एवढाच एक हिशेब माझ्याकडून राहून गेला होता. सांगली जवळजवळ ऐंशी मैल लांब, गाडी मेव्हण्याने त्याच चढावर लावलेली, आणि ती न्यायला मी एकटा.

"बसा की," मालक म्हणाला. त्याने ते मडकं उचललं आणि माझ्या गाडीच्या मागच्या चाकाजवळ आणून ठेवलं, वीतभर लांब. "तुमाला सवलत."

मी बसलो. मेव्हणा दाराशी वाकून सांगत होता, "आवाज ऐका. घाई न्हाई. पाय सोडताना सोडतोय आसं वाटू नये." मी आवाज ऐकला. तो सूर मला ओळखू आला. पाय सोडताना मात्र सोडतोय असं वाटलं, आणि मागे मडकं फुटल्याचा आवाज झाला. पाणी उतारावरून मागे मालकाच्या पायांकडे गेलं. दुसऱ्या खेपेला गाडी सुटली.

ताशी ऐंशी मैल म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही. पाचशे झाल्यामुळे त्या दिवशी परवानगी होती, रस्ता मोकळा होता, पण सांगलीपर्यंत काटा तीसच्या पुढे गेला नाही. घरी पोचलो तेव्हा पत्नी दारात होती. शेजारची जागा रिकामी बघून ती आत गेली आणि साखर घेऊन आली.

या सगळ्यात शेवटचे पैसे दिले ते साताऱ्याहून निघताना, मडक्याचे. चार आणे होतात असं मी म्हणालो. बाई म्हणाली, पाणीबी भरल्यालं हुतं. सहा आणे, चहाच्या दुकानातल्या बाईला, रोख.